अजून पडायलो का मी?

कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या मामांच्या घरात काठ्यांना तोटा नाही. बैलांमागची तुतारी आहे, दाराआड साप हुसकायची काठी आहे, चिंचा झोडपायला एक लांब काठी आहे, पाडव्याला धुऊन गुढीला लावायची वेळूची आहे आणि आषाढीच्या दिंडीत पताका बांधायची वेगळीच. पंच्याहत्तरीला आलेल्या मामांच्या हातात आयुष्यभर कोणती ना कोणती काठी होती. चालायची तेवढी नव्हती. दोन वर्षांपूर्वी माळवदाच्या त्या जुन्या घरात ते भिंतीला बोटं लावत स्वयंपाकघरापर्यंत जाताना दिसले. मी म्हणालो, "मामा, काठी घ्या की आता." ते थांबले आणि म्हणाले, "अजून पडायलो का मी?"

काठी ही पडल्यानंतर घ्यायची वस्तू आहे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. चष्म्याच्या बाबतीत आपण असं करत नाही; अक्षर पुसट झालं की डोळे तपासून येतो, खड्ड्यात पाय जाईपर्यंत वाट बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, आणि साठीपुढच्यांना धोका सर्वांत जास्त. जे वाचतात त्यांच्यातही खुब्याचं हाड मोडलेला म्हातारा माणूस पुन्हा पहिल्यासारखा शेतापर्यंत जाईलच असं नाही. याच्या अलीकडे आणखी एक गोष्ट घडते, तिची नोंद या आकड्यांत होत नाही. एकदा तोल गेला, पडता पडता वाचलं, की माणूस घाबरतो. आधी शेत सुटतं, मग पार सुटतो, मग देऊळ. बसून बसून मांड्यांतली ताकद जाते आणि मग तो खरोखरच पडतो, तेही बहुतेक वेळा घरातच, न्हाणीच्या वाटेवर.

मामांच्या भिंतीवरच्या बोटांकडे मात्र नीट पाहायला हवं. ते भिंतीवर भार टाकत नव्हते, नुसती बोटं टेकवत होते. १९९४ साली जेका आणि लॅकनर या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं. माणूस उभा असताना त्याचं अंग सतत बारीक डोलत असतं. बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला अगदी हलकं, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाहूनही कमी दाबानं लावलं, तरी हे डोलणं लक्षात येण्याइतकं घटतं. एवढ्याशा दाबानं शरीर तोललं जाणं शक्य नाही. घडतं ते वेगळंच: जमीन कुठं आहे आणि आपण कोणत्या बाजूला कलतो आहोत, ही खबर मेंदूला बोटांतून मिळते. म्हातारपणी नजर मंदावते, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र थकतं, मधुमेह असेल तर तळपायाची जाणीवही बोथट होते. खबरेचे तीन रस्ते अर्धे बंद झाले की हाताचा चौथा रस्ता उघडून देणं हे काठीचं पहिलं काम. भार घेणं हे नंतरचं. भिंत ते काम फुकट करते, फक्त ती शेतापर्यंत येत नाही.

दुसरी बाब पायाची, म्हणजे आधाराच्या पायाची. चालणं हे खरं तर बराचसा वेळ एका पायावर उभं राहणं आहे. एका पावलापासून पुढच्या त्याच पावलापर्यंतचा वेळ धरला तर दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात तो जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेल्या वेळात अख्खं शरीर एका तळव्याएवढ्या जागेवर तोललेलं असतं. म्हातारी माणसं पावलं आखूड टाकतात, पाय घासत चालतात, ते बरेचदा तोल जाण्याच्या भीतीनं. हातात काठी आली की ती एवढीशी जागा रुंदावते. दोन हातांत दोन काठ्या आल्या तर दोन्ही बाजूंनी रुंदावते.

दोन हातांच्या या उंच काठ्यांना इंग्रजीत वॉकिंग पोल, डोंगर चढणाऱ्यांच्या भाषेत ट्रेकिंग पोल म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही. मी जोडकाठी म्हणतो, कुणाला चांगला सुचला तर तो घ्यावा. त्यांची आजची कहाणी फिनलंडमधली. तिथले बर्फावर घसरत धावणारे स्कीपटू उन्हाळ्यात बर्फ नसताना सरावासाठी नुसत्या काठ्या घेऊन चालायचे, पळायचे. १९९७ साली एक्सेल या स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या कंपनीनं खास चालण्यासाठी काठी बाजारात आणली, मार्को कांतानेवा यांनी चालण्याची पद्धत लिहून काढली आणि 'नॉर्डिक वॉकिंग' हे नाव जगभर झालं. खेळाडूंची वस्तू म्हणून आली, त्यामुळे तिच्यावर म्हातारपणाचा शिक्का नव्हता. मला ही गोष्ट तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. मामांना काठी नको होती, पण मी नांदेडहून जोडी आणली तेव्हा शेजारची पोरं "हे काय डोंगरावर चालले का आबा?" म्हणून जमली आणि मामा खुशीत अंगणात दोन चकरा मारून आले.

फायदा किती, हे मात्र हात राखूनच सांगायला हवं. १९९९ साली ऑस्ट्रियात श्वामेडर आणि सहकाऱ्यांनी उतारावर काठ्या घेऊन चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचा भार मोजला, तो १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. तो उतार पंचवीस अंशांचा होता, म्हणजे चांगलाच तीव्र. सपाट रस्त्यावर गुडघ्याचा भार असाच घटतो, असं पुढच्या मोजण्यांतून ठामपणे दिसलं नाही. पडणं कमी होण्याचा भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणून जोडकाठी ही औषधाची गोळी नव्हे. ती माणसाला ओट्यावरून उठवून बाहेर काढते आणि चालणं चालू ठेवते, तिची खरी कमाई तिथं आहे. सोबत रोज ओट्याचा काठ धरून एका पायावर उभं राहणं आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं, एवढं तरी हवंच.

फिनलंडची वस्तू हिंगोलीच्या मातीत कशी चालते, हे आम्हाला वर्षभरात कळलं. काठीच्या टोकाला दोन गोष्टी येतात: आत पोलादी टोक आणि त्यावर चढवायचं रबरी बूच. डांबरी रस्त्यावर, फरशीवर रबर हवं, नाहीतर टोक घसरतं. आमच्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात त्या रबराला चिखलाचा गोळा धरतो आणि चार पावलांत काठी दुप्पट जड होते. तिथं रबर काढून, वर प्लास्टिकची चकती लावून पोलादी टोक वापरायचं, म्हणजे काठी रुतत नाही. उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टोक भेगेत अडकलं आणि मनगटात पट्टा असला, तर काठी माणसाला ओढून पाडते. म्हाताऱ्या माणसानं हे पट्टे सरळ काढून टाकावेत. पडताना हात मोकळा असलेला बरा. हळदीच्या रानात सरीतून जाताना तर मामा एकच काठी घेतात, दुसरी बांधावर ठेवतात. सरीत दोन काठ्यांना जागाच नसते.

एकच काठी वापरायची तर ती कोणत्या हातात? ज्या बाजूचा खुबा किंवा गुडघा दुखतो त्याच बाजूला, असं दहांतले बहुतेक जण सांगतील, आणि सिनेमातले म्हातारेही तसंच करतात. बरोबर उलट करायला हवं: दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. एका पायावर उभं राहिलं की अंगाचं वजन खुब्याच्या एका बाजूला असतं आणि त्याला तोलायला खुब्याबाहेरचे स्नायू दुसऱ्या बाजूनं ओढतात. स्नायूंचं अंतर खुब्यापासून फार कमी, त्यामुळे त्यांना प्रचंड ओढावं लागतं आणि सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. पहारीनं धोंडा उचकटणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: आखूड पहार जास्त जोर मागते. विरुद्ध हातातली काठी खुब्यापासून लांब टेकते, म्हणून तिच्यावरचा थोडासा दाबही लांब पहारीसारखा पुरतो. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे पडले पाहिजेत. पायऱ्या चढताना बरा पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

मापही गावोगाव चुकतं. मेंढपाळाची काठी खांद्याएवढी असते, ती ओढा ओलांडायला आणि टेकून उभं राहायला चांगली; भार द्यायला नाही. एका हाताच्या काठीचं माप असं: पायात नेहमीची चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, मनगटाची घडी जिथं येते तिथपर्यंत मुठीची उंची. जोडकाठी उंच असते. मूठ धरून टोक पायाजवळ टेकलं की कोपरात काटकोन व्हायला हवा. उतारावर ती पाच-दहा सेंटिमीटर लांब करायची. आधी अंगणात, शेजारी कुणीतरी असताना शिकावं. उजव्या पायाबरोबर डावी काठी हे आपण मोकळ्या हातांनी करतच असतो, पण हातात काही आलं की माणूस विसरतो आणि कवायतीतल्या नवख्या शिपायासारखा चालू लागतो. दोन दिवसांत बसतं. खुर्चीवरून उठताना दोन्ही काठ्या एका हातात घेऊन दुसऱ्यानं खुर्चीचा हात दाबायचा, काठ्यांवर लोंबकळून उठायचं नाही.

ज्यांना उभं राहायलाच आधार लागतो, ज्यांना उठल्याउठल्या गरगरतं किंवा ज्यांचे मनगट-खांदे दुखरे आहेत, त्यांच्यासाठी जोडकाठी नाही. त्यांना चार पायांची काठी किंवा वॉकर लागेल, आणि ते फिजिओथेरपिस्टनं ठरवावं. एक सोपी परीक्षा घरी घेता येते: खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालून परत येऊन बसायचं. १२ सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात. पैशांचं म्हणाल, तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. ६५ वर्षांवरच्या, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये बँक खात्यात मिळतात. ट्रायपॉड काठी, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशी साधनं तिच्यात धरली आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना वस्तूच देते.

आमचा हिंगोली जिल्हा तसा चालणाऱ्यांचा. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव, आणि त्यांचं चालणं पंजाबातल्या घुमानपर्यंत गेलं. शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. औंढा नागनाथच्या देवळातली कथा सगळ्यांना ठाऊक आहे: नामदेव गेले तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते, आणि म्हणाले की म्हातारपणानं पाय उचलवत नाहीत, जिथं पिंड नाही तिथं तूच उचलून ठेव. ही कथा अद्वैताची म्हणून सांगतात. मामांना मात्र ती अलीकडे वेगळी ऐकू येते. पाय न उचलणं म्हणजे काय ते त्यांना आता कळतं.

गेल्या श्रावणात आम्ही औंढ्याला गेलो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद आणि उंच पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं. तिथं कोणतीच काठी कामाची नाही. मामांनी दोन्ही काठ्या माझ्याकडे दिल्या, हातांनी दोन्हीकडची दगडी भिंत चाचपली आणि पाठमोरे, शिडीवरून उतरावं तसे उतरले. परत वर यायला बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर देवाबद्दल काही न बोलता त्यांनी काठ्या उलट्या करून पाहिल्या आणि डाव्या काठीचं रबर मला दाखवलं. एका बाजूनं झिजून आतलं पोलाद दिसत होतं. गावात सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून पाहिला होता, तो आठवडाभरात फाटला, म्हणाले. नवी दोन बुचं पाठवायला सांगितली. "दोन नको," मग स्वतःच म्हणाले, "चार पाठव."