स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरचे अडीच डेसिबल

स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर हे यंत्र घडले ते एका फ्रीक्वेन्सीवर स्थिर उभ्या असलेल्या सिग्नलसाठी. ट्रान्समीटरचा कॅरियर किंवा त्याचे हार्मोनिक मोजताना पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा घ्यावा. नॉइज मात्र सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो आणि तिथे आकड्यात यंत्राची घडणही मिसळते. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे मोजणाऱ्या फिल्टरची रुंदी, १० किलोहर्ट्झवरून १०० वर नेली, तर कॅरियर जागचा हलत नाही, पण नॉइजची रेषा १० डेसिबलने वर चढते. पावसात ठेवलेल्या भांड्यात पाणी तोंडाच्या रुंदीप्रमाणे साठते, तसेच हे. म्हणून ‘नॉइज उणे ९० डीबीएम’ हे विधान अर्धवट आहे. दर हर्ट्झमागे किती, ते सांगायला हवे. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन्सनने मोजलेला आणि नायक्विस्टने गणिताने उलगडलेला, १९२८ साली प्रसिद्ध झालेला उष्णताजन्य नॉइज २९० केल्विनला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम भरतो, तो याच मापात. त्यातही फिल्टरच्या कडा सरळ कापलेल्या नसतात. जुन्या चार टप्प्यांच्या अ‍ॅनालॉग फिल्टरमधून नॉइज शिरतो तो त्याच्या नोंदलेल्या रुंदीच्या १.१२८ पट, म्हणजे अर्धा डेसिबल जास्त.

खरी गोम लॉगॅरिदममध्ये आहे. वरखाली होणारी रेषा स्थिर दिसावी म्हणून व्हिडिओ बँडविड्थ कमी करतात, आणि पडदा डेसिबलमध्ये असेल तर त्या वेळी सरासरी निघते ती पॉवरची नव्हे, पॉवरच्या लॉगची. नॉइज क्षणभर सरासरीच्या दुप्पट झाला, तर लॉग ३ डेसिबलनेच वाढतो. शंभरावा हिस्सा उरला, तर २० डेसिबल खाली कोसळतो. अशा खोल दऱ्या सरासरीला खाली ओढतात. किती, तेही नेमके ठाऊक आहे: २.५१ डेसिबल. ऑयलरचा स्थिरांक ०.५७७२ इथे गणितात अवचित हजर होतो, ही त्यातली गंमत. आता १० किलोहर्ट्झच्या जुन्या फिल्टरने उणे ९० डीबीएम दाखवले असे धरू. दर हर्ट्झसाठी ४० वजा करायचे, फिल्टरच्या जादा रुंदीचे ०.५ वजा, लॉगचे २.५ मिळवायचे, उत्तर येते उणे १२८.

यावर कोणी म्हणेल, दोन डेसिबलसाठी एवढा खल कशाला? चांगल्या लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज फिगर एका डेसिबलहून कमी असतो. तिथे चूक मोजायच्या वस्तूहून मोठी ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तुलनाच करायची, तर चूक दोन्हीकडे सारखी असल्याने उडून जाईल. नॉइजची नॉइजशी तुलना असेल, तर हे खरे. पेन्झियास आणि विल्सन यांना ४०८० मेगाहर्ट्झवर सापडलेला सुमारे ३.५ केल्विनचा जादा नॉइज, जो पुढे विश्वाचे पार्श्वप्रारण ठरला, तोही द्रव हेलियमने थंड केलेल्या ज्ञात स्रोताशी ताडून निश्चित झाला होता. पण कॅरियर आणि नॉइज यांचे गुणोत्तर काढताना एकाच बाजूला चूक असते, आणि ते फुकट अडीच डेसिबलने चांगले दिसते.

तिसरा आक्षेप नव्या यंत्रांचा: नॉइज मार्करचे बटण दाबले की हे हिशेब आपोआप होतात. होतात, आणि आरएमएस डिटेक्टर निवडला तर लॉगची भानगडच उरत नाही. पण मार्करखाली एखादा बारीक कॅरियर दडला आहे का, हे बटणाला कळत नाही. यंत्राचा स्वतःचा नॉइजही साधा मार्कर वजा करत नाही, आणि इनपुटचा अ‍ॅटेन्युएटर १० डेसिबलने वाढवला की तोही पडद्यावर तेवढाच वाढतो. इनपुटला ५० ओहमचा टर्मिनेटर लावून यंत्राचा हा नॉइज आधी बघावा. मोजलेली रेषा त्याहून १० डेसिबल वर असेल, तर चूक सुमारे ०.४६ डेसिबल, ३ डेसिबलच वर असेल, तर निम्मी पॉवर यंत्राचीच. वजाबाकी मिलिवॅटमध्ये करायची, डेसिबलमध्ये नाही. अंतर अर्ध्या डेसिबलवर आले की वजाबाकीचे उत्तर दर स्वीपला वेगळे येऊ लागते, आणि पुढे नॉइज फिगर माहीत असलेला प्रीअ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागतो.