घरगुती संगीत-प्रसारणासाठी एकफलकी संगणक : रास्पबेरी पायचे उपयोजन

प्रस्तावना :
संगीत ऐकण्याची साधने बदलली तसा संग्रहाच्या मालकीचा प्रश्नही बदलला. ध्वनिमुद्रिका, कॅसेट व सीडी श्रोत्याच्या कपाटात असत. इंटरनेटवरील संगीतसेवेत श्रोता वर्गणी भरतो, संगीत मात्र सेवेच्या ताब्यात राहते. २०२० मध्ये गुगल प्ले म्युझिक बंद झाली तेव्हा तिच्या श्रोत्यांना आपला संग्रह अन्यत्र हलवावा लागला. स्वतःजवळचे संगीत कोणत्याही सेवेवर अवलंबून न राहता घरातल्या घरात ऐकण्याचा एक मार्ग म्हणजे एकफलकी संगणक होय. केंब्रिज येथील रास्पबेरी पाय फाउंडेशनने फेब्रुवारी २०१२ मध्ये क्रेडिट कार्डाएवढा, ३५ डॉलर किमतीचा संगणक बाजारात आणला. विद्यार्थ्यांना आज्ञावली-लेखन शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. संगीतासाठी होणारा त्याचा वापर या हेतूबाहेरचा, परंतु अतिशय यशस्वी ठरला आहे.

स्क्वीझबॉक्सचे उदाहरण :
स्लिम डिव्हायसेस ही अमेरिकन कंपनी घरच्या संगणकावरील संगीत नेटवर्कद्वारे दुसऱ्या खोलीत ऐकविणारी उपकरणे २००१ पासून तयार करीत होती. २००६ मध्ये लॉजिटेकने ती विकत घेतली. स्क्वीझबॉक्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या या उपकरणांची मालिका लॉजिटेकने २०१२ मध्ये गुंडाळली आणि २०२४ मध्ये त्यांना साहाय्य करणारी ऑनलाइन सेवाही बंद केली. एरवी अशी उपकरणे भंगारात जातात. येथे तसे झाले नाही, कारण सर्व्हरचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होते. स्वयंसेवकांनी ते पुढे चालू ठेवले. आता ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने उपलब्ध आहे. जुने स्क्वीझबॉक्स घरच्या सर्व्हरवर आजही चालतात. शिवाय स्क्वीझलाइट हे सॉफ्टवेअर घातलेला रास्पबेरी पाय नव्या स्क्वीझबॉक्सची जागा घेतो. स्वस्ताईपेक्षा ही स्वायत्तता अधिक मोलाची मानावी लागेल.

रचना व कार्य :
या व्यवस्थेत सर्व्हर संग्रह सांभाळतो, प्लेअर ध्वनी ऐकवितो आणि मोबाईल केवळ रिमोटचे काम करतो. ब्लूटूथमध्ये ध्वनी मोबाईलमधूनच येत असल्याने फोन आला की गाणे थांबते. येथे मोबाईल बंद केला तरी मैफल चालू राहते. लहान घरात सर्व्हर आणि प्लेअर ही दोन्ही कामे एकच पाय करू शकतो.

ध्वनीच्या दर्जाबाबत मात्र सावध राहणे आवश्यक आहे. ज्या पायवर हेडफोनचा जॅक असतो तेथे स्पंदांची रुंदी बदलून ध्वनी तयार केला जातो व त्याचा दर्जा बेताचाच असतो. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत तर तो जॅकच नाही. म्हणून अंकीय संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा डॅक घ्यावा. तो ४० पिनांच्या जोडणीवर बसविता येतो अथवा यूएसबीला जोडता येतो. घरातील जुना अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर पुढे तसेच वापरता येतात.

सीडीवरील एक तासाच्या संगीतास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. दर्जा न घटविता संकोच करणाऱ्या फ्लॅक स्वरूपात तेच ४०० मेगाबाइट धरल्यास १२८ गिगाबाइटच्या कार्डावर सुमारे ३०० तासांचा संग्रह मावतो. पायला सरासरी ३ वॅट वीज लागते असे धरले, तर तो अहोरात्र चालू ठेवूनही महिन्याला सुमारे २.२ युनिट खर्च होतात. वीज अचानक गेल्यास कार्डावरील माहिती बिघडण्याची भीती असते. पायकोरप्लेअर ही प्रणाली सुरू होताना रॅममध्ये उतरते व एरवी कार्डावर क्वचितच लिहिते. भारनियमन अनुभवलेल्या प्रदेशात हा गुण लहान नव्हे.

मराठी संग्रहापुढील अडचणी :
यंत्रापेक्षा नोंदींचेच काम मोठे आहे. गीत, कलाकार, अल्बम ही चौकट पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला सोयीची आहे. राग, ताल, साथसंगत यांना तीत नेमके स्थान नाही. त्यामुळे रागाचे नाव बहुधा शीर्षकातच लिहावे लागते. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि तेच नाव रोमन लिपीत अशा नोंदी असतील तर सर्व्हर तीन स्वतंत्र कलाकार दाखवितो. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील नोंदी तर वाचताच येत नाहीत. बडा ख्याल व छोटा ख्याल वेगळ्या फायलींत असल्यास खंडविरहित वादनाची सोय आहे की नाही, हेही आधी तपासावे. अन्यथा लयीचा ओघ मध्येच तुटतो.

नाट्यसंगीत, कीर्तने वा घरगुती बैठकींच्या कॅसेट प्रथम अंकीय स्वरूपात आणाव्या लागतात. पायवर ध्वनी आत घेणारा जॅक नसल्याने त्यासाठी ध्वनिमुद्रणाची सोय असलेले यूएसबी साउंड कार्ड लागते. हे काम कॅसेटच्या प्रत्यक्ष लांबीइतकाच वेळ घेते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे. तयार फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये.