कपाळावरचं वाचणारे डोळे

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. फुलंब्रीतल्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल. लोच्या एकच, लिहिलेलं कुणालाच वाचता येत नाही. आता समजा, एखाद्याला ते वाचता आलं तर? समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं खरं नाव आणि मरणाची वेळ स्वच्छ दिसली तर?

याच कल्पनेवर जपानी मंगा 'डेथ नोट' उभी आहे. लेखन त्सुगुमी ओबा यांचं, चित्रं ताकेशी ओबाता यांची. २००३ ते २००६ या काळात 'वीकली शोनेन जंप'मध्ये तिची १०८ प्रकरणं आली. फंडा सिंपल आहे. मृत्युदेवाची वही लाइट यागामी नावाच्या हुशार पोराच्या हाती लागते. चेहरा आठवून वहीत नाव लिहायचं, कारण लिहिलं नाही तर ४० सेकंदांत हार्ट अटॅक! मृत्युदेवाचे डोळेही मिळतात, पण उरलेलं अर्धं आयुष्य देऊन. आणि या पोराच्या मागावर असतो 'एल' नावाचा भन्नाट डिटेक्टिव्ह.

चित्रं गेली, शब्द आले

मंगा संपली त्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, तिच्यावरून एक कादंबरी आली. 'अनदर नोट : द लॉस एंजेलिस बीबी मर्डर केसेस'. लेखक निसिओ इसिन, तेव्हा वय फक्त पंचविशीच्या आसपास. (हे नाव रोमन लिपीत उलटसुलट कसंही वाचा, सारखंच!) इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला.

हिट मालिकेवरची कादंबरी म्हटली की आपण नाक मुरडतो. टी-शर्ट, मग, की-चेन आणि सोबत एक पुस्तक. पण इथे मामला वेगळा आहे. वही अजून कुणाच्याच हाती लागलेली नाही, तेव्हाची ही गोष्ट. साल २००२. लॉस एंजेलिसमध्ये एकापाठोपाठ तीन खून होतात. खोल्या आतून बंद आणि भिंतींवर ठोकलेल्या पेंढ्याच्या बाहुल्या. पहिल्या ठिकाणी चार, मग तीन, मग दोन. जपानमध्ये अशी बाहुली खिळ्यानं ठोकतात ती कुणाचं तरी वाईट चिंतायला. भानामतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

खरी गंमत पुढे आहे. मंगा वाचणाऱ्याला 'एल' पाठ असतो. तो कसा बसतो, किती गोड खातो, डोळ्यांखाली किती काळं आहे, सगळं. कादंबरीत चित्र नाही, म्हणजे चेहरा आपणच काढायचा. निसिओ इसिन आपल्या याच सवयीला हात घालतो. कसा, ते सांगितलं तर मजा जाईल. पण चित्रात हा डाव एका पानात उघडा पडला असता, एवढं नक्की.

नाओमीची केस

दुसरं कारण म्हणजे नाओमी मिसोरा. मंगामध्ये ही बाई येते ती एका एफबीआय एजंटची होणारी बायको म्हणून. डोकं असं तेज की खुन्याच्या अगदी जवळ पोचते आणि थोड्याच पानांत तिचा पत्ता कट. वाचकाला चुटपुट लागते. कादंबरीत मात्र केस तिची आहे. ती स्वतः एफबीआयची एजंट, ऐन वेळी कचरल्यामुळे सध्या कामापासून लांब. आपल्याला हे काम जमतं की नाही, हा प्रश्न तिला छळतोय. रिव्ह्यू मीटिंगनंतर रात्री छताकडे बघत पडलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

आपल्याकडे प्रवास बहुधा उलटा होतो. फुलंब्रीवरून सिल्लोडकडे जाणारा रस्ता पुढे अजिंठ्याला जातो. तिथल्या १७ नंबरच्या लेणीत सिंहलाची कथा रंगवलेली आहे. जहाज फुटून बेटावर आलेले व्यापारी आणि सुंदर बायकांच्या रूपातल्या राक्षसी! गोष्ट आधीची, भिंत नंतरची. २०१८ चा 'तुंबाड'ही तसाच. त्यातल्या आजीची भीती नारायण धारपांच्या कथेतून पडद्यावर आली. चित्राकडून शब्दाकडे परतणारे कमी. म्हणून हे पुस्तक हटके.

दोष आहेतच. आद्याक्षरांची आणि आकड्यांची कोडी कधीकधी डोकं पिकवतात. आणि मंगा न वाचता थेट हे उघडलंत, तर अर्धे धक्के वाया.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मंगाचे निदान पहिले दोन भाग, नाओमी दुसऱ्यात भेटते. मग कादंबरी. दोनशेपेक्षा कमी पानं आहेत, एका वीकेंडचं काम. नंतर मंगातली तिची ती थोडीशी पानं पुन्हा काढून बघा. चित्रं तीच असतील, पण या वेळी ती पटापट उलटवणार नाहीत.