पॉडकास्ट आणि श्रोत्याची सोय

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र जुलै १९२७ मध्यें सुरू झालें, तेव्हांपासून रेडिओच्या श्रोत्याला एक शिस्त अंगवळणी पडली. भाषण ठरल्या वेळीं सुरू व्हावयाचें, ठरल्या वेळीं संपावयाचें, आणि मध्येंच दारावर पाहुणा आला तर तेवढा भाग कायमचा हातचा जावयाचा. पॉडकास्टनें हें बंधन तोडलें. पॉडकास्ट म्हणजे ध्वनीच्या फाइली आणि त्यांचे पत्ते देणारी एक यादी. या यादीस आरएसएस फीड म्हणतात. नवा भाग तयार झाला कीं कार्यक्रमकर्ता यादींत त्याची नोंद करतो, आणि श्रोत्याच्या मोबाइलमधील अ‍ॅप ती यादी वेळोवेळीं वाचून तो भाग त्याच्यापुढें आणून ठेवतें. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द २००४ सालीं बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराच्या लेखांत आला, व पुढच्याच वर्षीं अ‍ॅपल कंपनीनें आपल्या आयट्यून्समध्यें त्यास जागा दिली.

वेळेचें बंधन गेलें खरें, परंतु दुसरी एक अडचण उभी राहिली. दीड तासाच्या एखाद्या भागांत मधुमेहासंबंधीं डॉक्टरांनीं कोणतें पथ्य सांगितलें, तें दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकावयाचें असल्यास श्रोत्याला अंदाजानें पुढें-मागें बोट सरकवीत बसावें लागतें. पुस्तकास अनुक्रमणिका असते, पानास क्रमांक असतो. निदान कोपरा तरी दुमडतां येतो. ध्वनीला पानच नाहीं. आणि पथ्य अर्धवट आठवून चालत नाहीं.

कांहीं सोयी उत्तम साधल्या आहेत, हें मान्य केलें पाहिजे. ग्रामोफोनची तबकडी जलद फिरविली कीं गवयाचा आवाज चिरका होतो. पॉडकास्ट दीडपट वेगानें लावला तरी तसें होत नाहीं. याचें कारण असें कीं, ध्वनीचे सेकंदाच्या कांहीं शतांशांएवढे तुकडे पाडून त्यांतील सारखे भाग एकमेकांवर बेमालूम चढविले जातात. तुकड्याच्या आंतील कंपनें जशींच्या तशीं राहतात, म्हणून स्वर चढत नाहीं. ज्यांना ऐकावयास कमी येतें अशा वडीलधाऱ्यांना हीच युक्ति उलट्या दिशेनें, वेग कमी करण्यासाठीं, उपयोगी पडते.

खरी उणीव आहे ती खुणांची. भागाचे पोटविभाग करून प्रत्येकास नांव देणें हें यंत्रास अवघड नाहीं. पण त्यासाठीं कार्यक्रमकर्त्यानें आपलाच कार्यक्रम पुन्हां ऐकावयास हवा, आणि तेवढी तसदी फार थोडे घेतात! त्यांत जाहिरातींची भर. पुष्कळ कार्यक्रमांत जाहिरात मूळ फाइलींत नसते. श्रोता भाग मागवितो त्या क्षणीं ती आंत बसविली जाते. एकास एक मिनिटाची, दुसऱ्यास दोन मिनिटांची. मग दहाव्या मिनिटावर ठेवलेली खूण कोणासही बरोबर लागत नाहीं.

लेखी प्रत हा सर्वांत भरंवशाचा उपाय. शब्द शोधला कीं जागा सांपडते, आणि बहिऱ्या माणसासही कार्यक्रम खुला होतो. अ‍ॅपलनें मार्च २०२४ मध्यें आपोआप होणाऱ्या लेखी प्रतीची सोय सुरू केली, ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश या भाषांपुरती. त्या यादींत मराठी नव्हती.

एक अ‍ॅप सोडून दुसऱ्याकडे जाणाराची तर पंचाईतच होते. २०२४ सालीं गूगल पॉडकास्ट्स बंद झालें, तेव्हां असंख्य श्रोत्यांवर ही पाळी आली. अशा वेळीं ओपीएमएल नांवाच्या पद्धतीनें कार्यक्रमांचे पत्ते नव्या घरीं नेतां येतात. कोणता भाग कोठवर ऐकला ही खूण त्या यादींत नसते. चित्रमय पॉडकास्टची तऱ्हा आणखी निराळी. यूट्यूबच्या नेहमींच्या मोबाइल अ‍ॅपांत, वर्गणी न भरणाऱ्या श्रोत्यानें पडदा बंद केला कीं आवाजही बंद पडतो. स्वयंपाक करतां करतां मुलाखत ऐकूं पाहणाऱ्या गृहिणीनें काय करावें?

पोटविभाग व लेखी प्रत यांचे पत्ते त्या मूळ यादींतच देण्याची खुली पद्धति २०२० पासून घडत आली आहे. तेवढें न साधलें तरी कार्यक्रमाच्या वर्णनांत ‘१२:४० – पथ्य’, ‘३१:०५ – औषधांच्या वेळा’ अशा ओळी मराठी कार्यक्रमकर्त्यांना आजही लिहितां येतील. जाहिरात मध्यें शिरली तर एखाद्या मिनिटाची चूक पडेल. दीड तास धुंडाळण्यापेक्षां ती पुष्कळ बरी. पुष्कळ अ‍ॅप्समध्यें त्या आंकड्यावर बोट ठेवतांच श्रोता थेट त्या जागीं जातो.