सहेरीचा गजर ईदनंतरही

रमजानच्या महिन्यात आमच्या घरात पहाटे सव्वाचारला गजर होतो. आधी मी उठते, मग अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, मग आमचे हे आणि शेवटी डोळे चोळत दोन्ही मुलं. एरवी सहाला उठवायचं तर धाकट्याला चार हाका माराव्या लागतात. रमजानमध्ये तोच दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी बसलेला असतो. जेवणाच्या वेळा बदलतात, झोपेच्या बदलतात, बाजाराच्या बदलतात आणि कुणी कुरकुर करत नाही. महिनाभर अख्ख्या घराचं घड्याळ फिरतं. हे सगळं आज लिहायचं कारण माझा गेल्या वर्षीचा रक्ततपासणीचा कागद.

गेल्या फेब्रुवारीत, रमजान तोंडावर आलेला असताना, मी सहज म्हणून तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा 6.2 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 च्या पुढे आत पाऊल. डॉक्टर म्हणाले, ‘‘गोळी नको एवढ्यात. रोज अर्धा तास भरभर चाला.’’ मी हसले. ते म्हणाले, ‘‘हसू नका, गंभीरपणे सांगतोय.’’ मीही गंभीरपणेच हसले होते. अर्धा तास? कुठला?

मी सरकारी कचेरीत लिपिक आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा सगळे म्हणाले, आता काय, मज्जा आहे. त्याच्याबरोबर रोजची 45 मिनिटं वाढली. पावणेदहा ते सव्वासहा. शनिवार मोकळा मिळाला खरा, पण तो गिरणीवर, धुण्यात, नातलगांच्या दवाखान्यांत आणि मुलांच्या क्लासात वाटला गेला. कचेरीतून घरी आल्यावर ओटा, मुलांचा अभ्यास, जेवण, भांडी. बाईच्या दिवसात मोकळा वेळ नसतो असं नाही. तो असतो, पण तिच्या नावावर नसतो. कुणीही येऊन तो उचलून नेतो.

मी एकटीच अशी नाही, एवढं समाधान नंतर वाचनातून मिळालं. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 च्या पाहणीत देशात मधुमेही 10 कोटींच्या वर आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे 13 कोटींच्या वर. एवढी गर्दी असलेल्या उंबरठ्यावर आपण उभ्या आहोत हे मला माहीतच नव्हतं.

अम्मींना मात्र हे सगळं थेर वाटलं. ‘‘दिवसभर घरात राबतेस, तो व्यायाम नाही होय?’’ प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आलं नाही. माझे अब्बा गिरणी कामगार. पाळी संपली की पेठेतल्या तालमीत जायचे, जोर-बैठका काढायचे, हौद्यातली लाल माती अंगाला लागलेली असायची. सोलापुरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम ही नावं आज आपण मिरवणुकीच्या निमित्तानं घेतो. पण तालीम म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची, जवळजवळ फुकट आणि ओळखीच्या माणसांची जागा. कामाची पाळी आणि तालीम, दोन्ही चालत गाठायची. व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, हे अब्बांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना कळलंच नसतं. अर्थात हे सगळं पुरुषांचं. तालमीत बायकांना जागा नव्हती, आणि अम्मी तेव्हा घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या.

तीस वर्षं वळल्या त्यांनी. कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, दिवसाला हजार विड्यांचा हिशेब गाठायचा, मधे उठून स्वयंपाक करायचा. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. कुंभारीला त्यांच्यासाठी 10 हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती देशभर गाजली. या बायकांच्या कष्टाबद्दल कुणाला शंका असू नये. पण कष्ट आणि हालचाल एक नव्हे. मांडी घालून आठ-दहा तास एकाच जागी बसणं हे कष्टच, पण त्यात हात चालतात, पाय नाही. अम्मींचे गुडघे गेले, साखरही आहे.

ही गोष्ट जगाला पहिल्यांदा नीट दाखवली ती लंडनच्या बसगाड्यांनी. 1953 मध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघे एकाच बसमध्ये, पगार-वस्ती साधारण सारखी. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढ-उतार करत, पाचशेहून जास्त पायऱ्या. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. वाहकांना झालाच तर उशिरा आणि सौम्य. मॉरिस स्वतः 2009 मध्ये वारले, शंभरीला काही महिने कमी असताना.

घरकामाबद्दल अम्मींचं म्हणणं अगदीच चूक नाही, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सल्ला बदलला. आधी सलग दहा मिनिटं तरी हवीत असं होतं, ती अट काढली. जिना, झाडलोट, बाजारातून पिशव्या आणणं, सगळं मोजायचं. फक्त दम थोडा वाढला पाहिजे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका. असं आठवड्याला किमान 150 मिनिटं. फोडणी घालताना माझा दम वाढत नाही, रागच वाढतो.

तर गेल्या वर्षीचा रमजान. चालायला सुरुवात त्या महिन्यात करायची म्हटल्यावर सगळ्यांनी वेड्यात काढलं. रोजा ठेवून कुणी चालतं का? पण मला दोन वेळा सापडल्या, त्या एरवी कधीच दिसल्या नव्हत्या. पहिली कचेरीतली. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी रोज्यात रिकामी असते. डबा नाही, चहा नाही. जोहरची नमाज झाली की दहा-बारा मिनिटं शिल्लक. मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायला लागले. भरभर नाही. मार्चची दुपार आणि घशाला कोरड, त्यात शौर्य दाखवायचं नसतं. खुर्चीतून उठणं एवढाच हेतू.

दुसरी वेळ रात्रीची, आणि तीच खरी. तरावीहनंतर आमच्या विजापूर वेशीत जी रोषणाई असते ती सोलापूरकरांना सांगायला नको. मीना बाजार भरलेला, रात्री अकराला दिवसासारखा उजेड, बांगड्यांपासून शेवयांपर्यंत सगळी दुकानं उघडी. या गर्दीत बाई रात्री दहाला घराबाहेर दिसली तर कुणी विचारत नाही, ‘‘कुठं निघालात?’’ वर्षातला हा एकच महिना. मी आणि शेजारच्या जेठानी, आमच्या भाबी, दोघी निघायचो. गर्दीत भरभर चालता येत नाही, म्हणून बाजार ओलांडून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूच्या रस्त्याला लागायचो आणि माघारी यायचो. बुरख्यात, पायात बूट. पहिल्या दिवशी बूट बघून भाबीच हसल्या होत्या.

इथं एक कबुली. संध्याकाळी इफ्तारच्या आधीचा पाऊण तास चालायला उत्तम, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कारण चालून आलं की लगेच पाणी मिळतं. असेलही. पण त्या पाऊण तासात बाईच्या हातात झारा असतो. मी सव्वासहाला सुटते, साडेसहाच्या सुमारास इफ्तार, घरी अम्मींनी भजी तळायला घेतलेली असतात. हा सल्ला देणाऱ्यांच्या घरात भजी कोण तळतं, हे मला एकदा पाहायचं आहे. पोरांचं मात्र बरं असतं. तरावीह झाली की टेनिस बॉलचं क्रिकेट, दोन-दोन वाजेपर्यंत. त्यांना कुणी वेळेचा हिशेब मागत नाही.

महिना छान गेला. ईद 31 मार्चला झाली आणि आठव्या दिवशी माझं चालणं बंद पडलं. बाजार उठला, दिवे गेले, रस्ता रिकामा झाला. पुन्हा तोच प्रश्न दारादारातून. दिवसा चाळिशीपार ऊन. मग एका जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले आणि अकरा दिवस गेले. जिमचा दोष नाही. बायकांची वेळ दुपारी होती आणि मी तेव्हा कचेरीत असते, एवढंच.

मे महिन्यात एकदा रात्री जेवताना मी घरात विषय काढला. म्हटलं, रमजानमध्ये तुम्ही सगळे सव्वाचारला उठता. मी तुम्हाला उठायलाही सांगत नाही. मी साडेपाचला जाईन, सव्वासहाला येईन. तेवढा वेळ मला कुणी हाक मारायची नाही. हे म्हणाले, ‘‘जा की, कोण अडवतंय?’’ कुणीच अडवत नव्हतं, खरंच. पण चहा कोण ठेवणार, धाकट्याला कोण उठवणार, पाणी आलं तर कोण भरणार, असे प्रश्न एकेक करून ताटाभोवती येऊन बसले. त्या रात्री वाटणी झाली. चहा यांचा, पाणी थोरल्याचं, डब्याची भाजी अम्मी रात्रीच निवडून ठेवणार. पहिल्या आठवड्यात मला तीन फोन आले. एक विचारायला की साखरेचा डबा कुठं आहे. साखरेसाठीच मी चालत होते, हा विनोद त्यांना उशिरा कळला.

तेव्हा मला आठवली ती हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांची गोष्ट. ते रोज रोजे ठेवायचे आणि रात्रभर नमाज पढायचे. पैगंबरसाहेबांनी त्यांना थांबवलं आणि समजावलं की शरीराचा तुमच्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, बायकोचा आहे, पाहुण्याचा आहे. ही हदीस आपण बायकोच्या आणि पाहुण्याच्या हक्कासाठी बऱ्याचदा ऐकतो. यादीत शरीराचंही नाव आहे. आणि हजरत आयेशांबरोबर पैगंबरसाहेबांनी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले, ही गोष्ट मी अम्मींना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजीबरोबर कणीकही मळून ठेवली.

रोज जमतं असं नाही. आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं. 160 होतात, पुरे. थंडीत साडेपाचला अंधार असतो, तेव्हा भाबी आल्या तरच मी जाते. लग्नसराईत तीन आठवडे सुटलं. पाऊस असला की बिल्डिंगचा जिना. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली मात्र चुकवत नाही, कारण जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे मीटरवर स्वतः पाहिलंय. शेवटच्या तपासणीत आकडा 5.9 होता. उंबरठ्यावरच आहे अजून, पण बाहेरच्या बाजूला.

यंदा रोज्यात पहाटेचं चालणं पुन्हा रात्रीवर नेलंय. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं बघून काही करू नये. डोस आणि चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. तरावीहच्या 20 रकात म्हणजे 40 सजदे. नमाज ही इबादत आहे, कवायत नव्हे, पण शरीराला श्रम होतातच, आणि मधुमेही रोजेदारांसाठीच्या वैद्यकीय मार्गदर्शनात ते धरलेले आहेत. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं त्यातच सांगितलंय. बोटाला टोचून तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. अम्मींचं मीटर आता दस्तरखानाशेजारीच असतं.

भाबींनी यंदा आधीच बजावून ठेवलंय. ईद आणि बासी ईद सोडली, तिसऱ्या दिवशी साडेपाचला जिन्याखाली. शव्वालचे सहा रोजे ठेवणाऱ्यांचा गजर तर चालूच राहणार, त्यामुळे झोप लागली होती ही सबब चालणार नाही. बासी ईदच्या रात्री शीरखुर्म्याचं पातेलं संपलेलं असेल की नाही, एवढीच मला काळजी आहे.