लाकडी कांड्यांचा कौल

1799 सालच्या जानेवारीत इंग्लंडमधील बाथच्या रुग्णालयात डॉ. जॉन हेगार्थ यांनी संधिवाताचे पाच जुने रुग्ण निवडले. सहकारी डॉ. फाल्कनर सोबत होते. दुखऱ्या सांध्यांवरून दोन टोकदार कांड्या हळूहळू फिरू लागल्या. अमेरिकी वैद्य एलिशा पर्किन्स यांनी 1796 मध्ये पेटंट घेतलेल्या अशाच धातूच्या कांड्यांचा तेव्हा मोठा बोलबाला होता. त्या अंगातले दुखणे ओढून काढतात, असा दावा होता. पाचांपैकी चौघांना आराम पडला. एकाला तर चालणेही सोपे वाटू लागले.

हेगार्थ यांच्या कांड्या मात्र लाकडाच्या होत्या. त्यांना वरून धातूसारखा रंग दिला होता!

दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरवल्या. परिणाम तोच. पर्किन्स यांचा दावा कोसळला, पण त्या ढिगाऱ्यातून एक जिवंत प्रश्न वर आला: धातूने काही केले नाही, तर मग वेदना कमी केली कोणी? मनाच्या कल्पनेने, असे हेगार्थ म्हणाले. पण कल्पना सांध्यापर्यंत पोहोचते कशी, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पुढची दीडशे वर्षे वैद्यकाने या प्रश्नाला ‘मनाचे खेळ’ म्हणून दाराबाहेरच ताटकळत ठेवले.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर डॉ. हेन्री बीचर चक्रावले. भीषण जखमा झालेले बहुसंख्य सैनिक वेदनाशामक मागतच नव्हते. जखम म्हणजे रणांगणातून सुटका, जीव वाचल्याची खूण. त्या अर्थानेच वेदना बोथट होत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1955 मध्ये त्यांनी औषधाविना मिळणाऱ्या गुणावर गाजलेला लेख लिहिला. तरीही पुरावा शरीरात सापडत नव्हता.

कुलूप उघडले ते अनपेक्षित बाजूने. 1973 मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या जागा सापडल्या. 1975 मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच घडवत असलेली, अफूसारखे काम करणारी द्रव्ये शोधून काढली.

मग 1978 साल उजाडले. सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेले इंजेक्शन दिले. काहींची ठणक ओसरली. त्यानंतर अफूचा प्रभाव मोडणारे नॅलॉक्सोन टोचले. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. नुसत्या विश्वासाने ज्यांची ठणक शमली होती, त्यांची ठणक उसळून परत आली! अफूचा एक कणही न देता अफूवरचा उतारा लागू पडला होता. मनाने शरीराच्या कोठारातूनच औषध काढले होते.

हेगार्थ यांच्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले; पण त्याची सीमाही जाणली पाहिजे. त्याच 1799 साली पर्किन्स स्वतःच्याच औषधावर भरवसा ठेवून न्यूयॉर्कच्या पीतज्वराच्या साथीत उतरले आणि त्याच तापाने दगावले. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीतही हेच सत्य लागू आहे. बिनविषारी साप चावलेल्या माणसाची मांत्रिकापुढे भीती उतरते, धडधड थांबते आणि मंत्रावर गावाचा विश्वास बसतो. नाग किंवा मण्यार चावल्यावर मात्र तो विश्वास विषापुढे हतबल असतो. म्हणून रोवणीच्या दिवसांत कोणाला साप चावला तर त्याला धीर जरूर द्या, पण तो रुग्णालयाच्या वाटेवर द्या. सर्पविषावर प्रतिविषच लागते.