सहल कोकणची, तयारी अंधाराची

मे महिना उजाडला की मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची आणि पर्यटकांची पावले कोकणाकडे वळतात. नेमक्या याच दिवसांत वळवाचा पाऊसही हजेरी लावतो. कोकणातील वीजवाहिन्या नारळी-पोफळीच्या बागांमधून, आंबा-फणसाच्या झाडांजवळून आणि डोंगरउतारांवरून गेल्या आहेत. वादळी वाऱ्यात एखादी फांदी तारांवर पडली, तरी अख्खी वाडी अंधारात जाते. बिघाड शोधण्यासाठी कर्मचाऱ्यांना अनेकदा रात्री, रानावनांतून पायी फिरावे लागते. शिवाय पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी महावितरणकडूनही याच काळात काही तास पुरवठा बंद ठेवला जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील अनेक गावांना आठवड्यांनी वीज मिळाली. मे २०२१ मधील तौक्ते वादळानेही रत्नागिरी, सिंधुदुर्गात खांब आणि तारा जमीनदोस्त केल्या. अशी संकटे दरवर्षी येत नाहीत. पण काही तास ते एखादा दिवस वीज नसणे ही कोकणात मे-जूनमधील नेहमीची बाब आहे.

पाणी आणि पैसा

वीज गेली की प्रथम दिवे आठवतात. प्रत्यक्षात ती सर्वांत लहान अडचण असते. पंप बंद पडल्याने छतावरील टाकीत आहे तेवढेच पाणी उरते. इंटरनेट खंडित झाले की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत आणि एटीएमही बंद पडते. मोबाईल मनोरे बॅटरीवर काही तास तग धरतात. त्यानंतर जनित्र नसेल तर संपर्कच तुटतो. आपल्या घरी मेणबत्ती कुठे आहे आणि शेजारी कोण आहे, हे ठाऊक असते. परक्या गावात यातले काहीच ठाऊक नसते. म्हणूनच प्रवासातील तयारी घरच्यापेक्षा अधिक काटेकोर हवी.

ही अडचण केवळ खेड्यांची आहे, असेही नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी वीज गेली. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, अनेक ठिकाणी कार्डाने पैसे देता येईनात. खिशात रोकड आणि घरात बॅटरीवरचा रेडिओ असलेल्यांचेच त्या दिवशी निभावले.

निघण्यापूर्वी

खोली आरक्षित करताना 'इन्व्हर्टर आहे का?' एवढेच विचारून भागत नाही. त्यावर पंखा चालतो की फक्त दिवा, तो किती तास टिकतो, पाण्याचा पंप जनित्रावर चालतो का आणि अंगणात वापरती विहीर आहे का, हेही विचारावे. दोन दिवस पुरेल एवढी रोकड, तीही सुट्या नोटांत, जवळ बाळगावी. गावाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा आणि महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. महामार्ग सोडण्यापूर्वी माणगाव, महाड किंवा चिपळूणसारख्या मोठ्या गावात इंधनाची टाकी भरून घ्यावी. विजेवरील मोटार असल्यास ती तेथेच पूर्ण चार्ज करावी.

दहा हजार एमएएच क्षमतेच्या पॉवर बँकेतून पाच हजारांची बॅटरी असलेला मोबाईल प्रत्यक्षात साधारण सव्वा वेळाच भरतो, कारण काही ऊर्जा वाटेत वाया जाते. चौघांच्या कुटुंबाला अशी एक पॉवर बँक पुरत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी ती हातातील सामानातच ठेवावी. मोठ्या सामानात ती चालत नाही.

सर्वाधिक काळजी रुग्णांनी घ्यावी. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी सामान्य तापमानात किती दिवस चालेल, हे डॉक्टरांना विचारून निघावे. ती बर्फाला थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी ठरते. नेब्युलायझर किंवा श्वसनास साहाय्य करणारे यंत्र लागत असल्यास मुक्कामाच्या इन्व्हर्टरवर ते चालेल का, याची आधीच खात्री करावी.

दिवे गेल्यानंतर

पहिले काम टॉर्च शोधण्याचे. त्यानंतर लगेच बादल्या आणि बाटल्या भरून घेण्याचे. शीतकपाट वारंवार उघडू नये. बंद राहिल्यास त्यातील गारवा सुमारे चार तास टिकतो. मोबाईलला रेंज नसेल तर तो विमान मोडवर ठेवावा. अन्यथा मनोरा शोधण्यातच बॅटरी संपते. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना ग्राहक क्रमांक विचारला जातो. तो घरमालकांच्या वीजबिलावर असतो.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेतू शकतात. तुटून पडलेली तार मृत आहे असे समजून तिच्याजवळ जाऊ नये. ओल्या जमिनीतूनही प्रवाह येऊ शकतो. तसेच खोलीत किंवा खिडकीलगत जनित्र चालत असल्यास ते त्वरित दूर हलवण्यास सांगावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो आणि झोपेत असलेल्याला त्याची चाहूल लागत नाही. डोके दुखू लागले किंवा मळमळ जाणवली, तर सर्वांना जागे करून तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि ११२ वर मदत मागावी.